अण्णांचा सा आणि पुण्याची सुई

रत्नागिरीला लोक मे महिन्यात आंब्यांसाठी जातात, नाताळात समुद्रासाठी जातात. मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, स्वतःची एक चूक निस्तरायला. रस्ते, जेवण, मुक्काम हे सगळं सांगतोच, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच हे पान उघडता. फोटो मात्र या वेळी मागू नका. काढलेच नाहीत.

निमित्त झालं पेटीच्या क्लासाचं. नोकरीतून लवकर सुटका करून घेतलेली माणसं जे उद्योग करतात, त्यातला हा एक. शिकवणारी बाई माझ्या निम्म्या वयाची. एक दिवस तिने मोबाईल पेटीवर उभा ठेवला, त्यात सूर मोजायचं अ‍ॅप लावलं आणि एकेक पट्टी दाबून दाखवली. सूर बरोबर असला की पडद्यावरची सुई मधोमध येते. मग तिने तिच्या गुरूंची जुनी पेटी काढली. सुई एकदाही मध्यावर येईना, सगळीकडे डावीकडेच, म्हणजे उतरत्या बाजूला, झुकलेली. मी पुढच्या बाकावरून अक्कल पाजळली, "म्हणजे बेसूर आहे."

"बेसूर नाही काका," ती म्हणाली. "ही गळ्यावर लावलेली आहे. गुरुजींचा सा जिथे होता तिथे हिचा सा. आणि त्या सा-वरून तंबोऱ्यात जसा आपोआप गंधार ऐकू येतो, तसा हिचा गंधार. सुईवर लावलेली पेटी कुठल्याही पट्टीत चालते, कारण खोट सगळ्या सुरांत थोडी थोडी वाटून दिलेली असते. तिचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा जरा वर असतो. अशा जुन्या पेट्या लोक हौसेने दुकानात नेतात आणि सुईवर आणून ठेवतात. मग त्या पेटीवर गाणाऱ्याचं काय होतं, ते कुणी बघत नाही."

मी बघितलं होतं. तो गाणारा माझ्याच घरात गॅलरीत बसून पेपर वाचत होता.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, देवरूखजवळच्या आमच्या वाडीतल्या भजन मंडळाचे बुवा. चाळीसेक वर्षं गायले. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी त्यांना भेट म्हणून त्यांचीच पेटी नवी करून द्यायचं ठरवलं. पॉलिश करून आणतो म्हणालो, पुण्याला घेऊन आलो आणि एका दुकानात दिली. पॉलिश, नवा भाता, वर मशीनवर ट्युनिंग. गणपतीला वाजतगाजत परत नेली. त्यावर याच ब्लॉगवर फोटोंसकट लेखही लिहिला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. तुम्ही सगळ्यांनी 'असा मुलगा सर्वांना मिळो' वगैरे लिहिलं होतं आणि मी ते दोन-दोनदा वाचलं होतं.

त्याच गणपतीत अण्णांचा गळा फाटला. गजर वर न्यायची वेळ आली की आवाज चिरकायचा, आणि गंधारावर आले की सगळ्यांना वाटायचं, बुवा खाली लागतायत. पोरं एकमेकांकडे बघून हसली. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मधेच थांबून पेटी माझ्या चुलतभावापुढे सरकवली, म्हणाले, "तू घे." मी तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. पेटीचा.

नंतर वर्षभरात आई गेली आणि अण्णा पुण्याला आमच्याकडे आले. गाणं नाही, गुणगुणणंसुद्धा नाही. "गळ्याचं वय झालं," एवढंच म्हणायचे. सहा वर्षं आम्ही सगळे हे खरं मानून चाललो होतो. क्लासातून घरी आलो त्या दिवशी मी अण्णांना काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. पेटी वाडीतच होती. ती उचलायची आणि तिला आधी लावणाऱ्या माणसाकडे, रत्नागिरीजवळ पावसला, न्यायची, एवढंच ठरवलं. घरी सांगितलं, कोकणात भटकून येतो. ते कुणालाही खरं वाटतं.

पहिला दिवस. पहाटे साडेपाचला निघालो. कराडपर्यंत हायवे, तिथून कोकरूड, मलकापूर आणि आंबा घाट. या दिवसांत जाणार असाल तर उसाच्या ट्रॅक्टरांची तयारी ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याच्या मधोमध चालतात आणि मागून कितीही हॉर्न मारा, पुढच्याच्या कानात गाणी असतात. मलकापुरात चहा आणि वडे घेतले. वडे चांगले होते, चहा साखरेचा पाक. घाट दुसऱ्या गिअरमध्ये निवांत उतरा. वळणावर माकडांना खायला घालायला थांबणाऱ्या गाड्या हेच त्या घाटातलं मुख्य संकट आहे. साखरप्याहून देवरूखला आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिथून आमची वाडी आत दहा-बारा किलोमीटर, शेवटचे तीन किलोमीटर रस्ता नावालाच. भात कापून झालेलं, मळ्यांत गवताच्या उडव्या, हवा अशी की कुणालाही कविता सुचाव्यात. मला सुचल्या नाहीत.

उतरलो चुलतभावाकडे. सुधाकर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, अण्णांनंतर मंडळाचा बुवा तोच. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सुकटाची चटणी खाऊन आम्ही देवळात गेलो. भजनाला आता मुंबईकर चाकरमान्यांनी दिलेली नवी पेटी वापरतात. अण्णांची पेटी कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली. पॉलिश अजून चकाकत होतं.

"वाजवता का कधी?" मी विचारलं.

सुधाकरने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "दादा, खरा सांगू? हिचा आवाज तसा दुसरीकडं कुठं नाय. पन ती कुनाच्याच गळ्याला बसत नाय. पुन्याहून आली तवापासून चढी हाय. अण्णांची पट्टी पांढरी चार, पन वायच उतरती असायची. आमाला मागं साथ करताना ठाऊक ना."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमी मशीनवर लावून आणलात. पुन्याच्या मशीनपुडं आमी काय बोलनार? उलटा वाटला, आमचाच कान गावठी."

"आणि अण्णा सगळ्यांसमोर हसं करून घेत होते ते?"

"वय झाला असा वाटला. मशीन चुकतंय असा कोन बोलंल, दादा?"

मला त्याची मान धरावीशी वाटली. पण धरून काय सांगणार? साऱ्या वाडीला फरक कळला होता, आणि मी शहरातून आलेला शहाणा म्हणून कुणी चकार शब्द काढला नव्हता. माझ्या हायवेच्या गाडीचा, माझ्या मोबाईलचा, माझ्या पुण्याचा मान राखला त्यांनी. त्या मानापायी एक माणूस गप्प झाला.

दुसरा दिवस. देवरुखाहून संगमेश्वर आणि हातखंबा करत रत्नागिरी. महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय ते विचारू नका, स्थानिकही आता विचारत नाहीत. काचा बंद ठेवा, नाहीतर दातांत लाल माती येते. पेटी मागच्या सीटवर पट्टा बांधून ठेवली होती. रत्नागिरीत मासळी बाजाराजवळच्या एका खानावळीत सौंदाळ्याची थाळी खाल्ली, साडेतीनशे रुपये, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर वेगळे पैसे नाहीत. शेजारच्या टेबलावर दोघे जण आंब्याच्या फवारणीवरून भांडत होते. एक म्हणत होता, "थंडी पडू दे रे, मोहोर येतोच," आणि दुसरा त्याला औषधांची नावं ऐकवत होता. मग भाट्याचा पूल, उजवीकडे समुद्र, पुढे चढ, गोळप आणि पावस. वीसेक किलोमीटर, पाऊण तास.

मुक्कामाला खोली मिळाली ती हमीदाभाभींच्या घरी. नवरा आणि मोठा मुलगा कुवेतला, मागच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. आठशे रुपये दिवसाला, सकाळी घावणे आणि चहा त्यातच. मी गाडीतून सतरंजीत गुंडाळलेलं गाठोडं उतरवलं तशी त्या म्हणाल्या, "काय हो, बाळ-बिळ हाय काय आत? किती जपून उचलताय."

"पेटी आहे. मेस्त्रींकडे आणलीय."

"दत्ताराम मेस्त्रींकडं? ते काय, माडांच्या पलीकडचा कौलारू. पन सकाळीच जा. दुपारी ते कुनाच्या पेटीला हात लावीत नायत. सकाळभर मात्र एकच सूर, पीं पीं पीं. आमची म्हैस पण वैतागली."

तरीही मी त्याच संध्याकाळी पेटी घेऊन गेलो. दत्ताराम मेस्त्री आता अठ्ठ्याहत्तरचे. जिल्ह्यातल्या बुवालोकांच्या पेट्या एकेकाळी हाच माणूस लावायचा. अण्णांची पेटी पस्तीस वर्षं त्यांच्याच हातात होती. पडवीत चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसले होते. मी सतरंजी सोडली आणि त्यांनी मला ओळखायच्या आधी पेटी ओळखली.

"परत आली काय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बुवाचा झील ना तू? बापूस हाय ना रे?"

"आहेत. पुण्याला, माझ्याकडे."

"गातो?"

"नाही. सहा वर्षं झाली."

त्यांनी सतरंजी परत पेटीवर ओढली. उद्या सात वाजता ये, म्हणाले. "दुपारनंतर कानाला खोटा पन खरा वाटतो."

तिसऱ्या दिवशी सात वाजता हजर. मेस्त्रींची काम करायची रीत मी लहानपणी एकदा अण्णांबरोबर येऊन बघितली होती, आणि गंमत समजून विसरलोही होतो. ज्याची पेटी असेल त्या बुवाने स्वतः यायचं. पोटात फक्त चहा. पेटीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि कुठलाही सूर न ऐकता आपला सा लावायचा. तीनदा. मग मेस्त्री त्या सा-वर पेटी आणायचे. मेस्त्रींचं म्हणणं असं की पेटी समोर असली की माणूस तिचं ऐकून गातो, लबाडी करतो. पाठ केली की गळा खरं बोलतो.

"आता भिंतीकडं कोनाला बसवू?" मेस्त्री म्हणाले. "तुला?"

माझ्याकडे अण्णांची एक जुनी कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतलेली होती. मेस्त्रींनी ती दोन मिनिटं ऐकली आणि बंद करायला सांगितली. टेप हळू चालली की सूर उतरतो, जोरात चालली की चढतो, तिच्यावर विश्वास कसा ठेवणार. मग ते उठले, वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला.

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, हवा गेली की ती थरथरते आणि वाजते. तिला सूर म्हणतात. डब्यात असे पंचवीस-तीस सुटे सूर होते, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर बुवाचं नाव आणि गाव. मेस्त्रींनी पेटी लावलेल्या प्रत्येक बुवाचा सा त्यांनी एका जुन्या सुरात घासून ठेवला होता. पुढच्या खेपेला बुवा आजारी असला, गळा बसलेला असला, तर अडायला नको म्हणून. त्यातले निम्म्याहून जास्त बुवा आता गेले, म्हणाले. त्यांनी एक सूर शोधून काढला, ओठांत धरला आणि फुंकला.

तो अण्णांचा सा होता. मी पेटी शिकून जेमतेम सहा महिने झालेत, माझा कान म्हणजे दगड. पण तो मला कळला. अंगणातून आईला हाक मारायचे तीसुद्धा याच सुरात मारायचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर एक साधा प्रश्नही आला. हा डबा इथे होता, तर सहा वर्षांपूर्वी अण्णा इकडे का आले नाहीत?

मी तो विचारला. मेस्त्री सूर खरवडायचं पातं हातात घेऊन बसले होते, ते त्यांनी खाली ठेवलं.

"आलेला," ते म्हणाले.

"कधी?"

"तेच साल. गणपती झाल्यावर. एकटाच, पेटी घेवन, एस.टी.नं. मला बोलला, दत्ता, बघ रे, पेटी चढलीय का माजा गळा उतरलाय? मी झाकान उघडला, तर आत पुन्याच्या दुकानाचा कागद चिकटवलेला. पस्तीस वर्सां मी लावली ती पेटी. एक शब्द इचारलात नाय मला. त्या सुमारास कामा पन येयनाशी झालेली, सगले पुन्या-मुंबयला न्यायचे. डोका फिरला माजा. दोन पट्ट्या दाबल्या नि बोललो, पेटी उत्तम हाय. गळा उतरला तुजा."

"आणि हा डबा?"

"हतंच व्हता. ह्याच फळीवर."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. आवाज इतका चढला की हमीदाभाभी कुंपणापर्यंत येऊन परत गेल्या. मेस्त्रींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटला, तो भांडंल. पस्तीस वर्सां आमी गंधारावरनं भांडत व्हतो. मी म्हनायचो इतका, तो म्हनायचा अजून केसभर खाली. भांडला आसता तर मी डबा काढला आसता. तो भांडलाच नाय. पेटी उचललान नि पाचची गाडी पकडलान."

"तुमच्यावर विश्वास होता त्यांचा."

"तोच तर. तुज्या मशीनवर नव्हता. माज्यावर व्हता."

मी तिथून उठलो आणि तास-दीड तास खाडीच्या बाजूला चालत राहिलो. वाचकहो, पावसचा तो भाग सुंदर आहे असं म्हणतात. नारळाच्या बागा, लाल पायवाट, पलीकडे पाणी, सगळं जागेवर असेल. मी शिव्या घालत चाललो होतो, निम्म्या मेस्त्रींना आणि निम्म्या स्वतःला. पेटी उचलून निघून जावं असं दहा वेळा मनात आलं. पण नेणार कुठे? अण्णांचा सा ज्याच्याकडे होता त्यानेच तो दाबून ठेवला होता, आणि आता तो परत देऊ शकणाराही तोच. माझी चूक अजाणतेपणी झाली म्हणून स्वतःला सूट द्यावी म्हटलं, तर तेही जमेना. पेटी न विचारता नेली ती मी. मेस्त्रींना डिवचलं त्या दुकानाच्या कागदाने, आणि तो कागद माझा होता.

परत आलो तेव्हा मेस्त्रींनी पेटी उघडून सुरांची फळी बाहेर काढली होती. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दुकानदाराने सगळे सूर टोकाशी घासून चढवले होते, आता ते मुळाशी घासून उतरवायचे. दोन्हीकडून पितळच जातं, ते परत येत नाही. मेस्त्री एक सूर दोनदा खरवडत, फुंकत, डब्यातल्या सा-शी ताडून बघत, परत खरवडत. म्हैस का वैतागली असेल ते मला कळलं. त्या दिवशी बारापर्यंत आणि चौथ्या दिवशी बारापर्यंत काम चाललं. शेवटी त्यांनी सा आणि गंधार एकत्र धरले, भाता हळूच सोडला आणि डोळे मिटून ऐकलं. गंधार त्यांनी अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे लावला होता, केसभर खाली. "ह्या बाबतीत तोच बरोबर व्हता," म्हणाले.

मजुरी त्यांनी पुरती घेतली, आणि ते मला बरं वाटलं. नाही म्हणाले असते तर मी पैसे त्यांच्या अंगावर टाकले असते.

"एक ध्येनात ठेव," पेटी बांधताना ते म्हणाले. "दोनदा घासून झाली. आता फार तर एक बारी. त्याच्याफुडं ह्या पितळंचा कागद व्हनार." मी गाडीत बसलो तशी खिडकीशी वाकले. "त्याला सांगनार काय?"

"सांगणार."

"सांग. मी किती येळा फोन हातात घेतला. नाय झाला माज्यानं."

हातखंब्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होतो. तिथून पाली, साखरपा, पुन्हा आंबा घाट. चढताना धुकं नव्हतं, ट्रॅक्टर मात्र तेच होते. पुण्यात पोचायला रात्रीचे दहा वाजले. एकूण चार दिवस, पेट्रोल साधारण सहा हजार, खाणं-राहणं साडेचार. देवरूख आणि पावस दोन्ही करायचं तर एवढा वेळ पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा चहा झाल्यावर मी पेटी हॉलमध्ये आणून ठेवली आणि सगळं सांगितलं. दुकान, सुई, वाडी, डबा, मेस्त्री. काही लपवलं नाही आणि स्वतःला वाचवायलाही बघितलं नाही. अण्णा पेपराची घडी घालत ऐकत होते. घडी घालून झाली तरी तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी दत्तानं मला भिंतीकडे तोंड करून बसवलंच नाही. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आता हा गळा ऐकण्यासारखासुद्धा राहिला नाही."

मग ते खुर्चीतून खाली सतरंजीवर बसले. पेटीकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं. "मी म्हणेन तेव्हा पांढरी चार दाब," म्हणाले. घसा साफ केला आणि सा लावला. जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. कोरडा, हलणारा, कुठेच न टेकणारा. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग हात वर केला आणि मी पट्टी दाबली. पेटीचा सा कितीतरी वर होता. माझ्यासारख्या दगडालाही कळावं इतका वर.

अण्णा वळले. माझा हात बाजूला करून त्यांनी स्वतः भाता मारला, सा धरला, त्यावर गंधार धरला. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की हॉलभर एकच आवाज झाला. "गंधार बरोबर लावलाय," ते म्हणाले. "पेटी माझीच आहे." थोडा वेळ वाजवत राहिले, गायले नाहीत. "सहा वर्षं रोज बसलो असतो, तर गळा राहिला असता रे. पंचाहत्तर म्हणजे काही वय नव्हतं."

मी म्हणालो, चुकलो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी मान हलवली, पण ती क्षमा केल्याची होती की चूक मान्य असल्याची, ते मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. दत्तारामचं नाव त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढलं नाही. जेवताना नेहमीपेक्षा एक पोळी कमी खाल्ली, एवढाच काय तो फरक.

प्रवासातून काय राहिलं, असं मी दर लेखाच्या शेवटी लिहितो. या वेळचं लिहितो. परक्याच्या खोटेपणापेक्षा आपल्या माणसाच्या हौसेने जास्त नुकसान होतं. ज्याच्यासाठी करतोय त्याला आधी विचारावं, ही चार वर्षांच्या पोरालाही कळणारी गोष्ट मला चौपन्नाव्या वर्षी, साडेसातशे किलोमीटर गाडी हाकून कळली. ती कळून आता कुणाचा काही फायदा नाही.

काल संध्याकाळी मी अण्णांना म्हणालो, पेटीला काचेचं कपाट करून घेतो. तुमचा सा आहे तिच्यात, आता कुणाला हात लावू देणार नाही.

"सुधाकरला दे," अण्णा म्हणाले. "दत्ताकडे घेऊन जा म्हणावं. भिंतीकडे तोंड करून बस आणि तुझ्या गळ्याला लावून घे."

"अण्णा, आता एकदाच घासता येईल. तुमची पट्टी जाईल. मग पुन्हा कधीच नाही."

"त्या पट्टीत गाणार कोण आहे?"

"निदान तुमच्यासाठी तरी राहू दे."

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "माझ्यासाठी म्हणून एकदा केलंस ना," ते म्हणाले. "आता पुरे."